पत्त्यापुरतं घर

जुन्या राउटरची वायर भिंतीतून निघेना. ती सोफ्यामागे गुडघे टेकून बसली होती. एका हाताने तिने सॉकेट दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने प्लगची चिमुकली खिट्टी दाबत होती. नख दुमडलं, तेव्हा कुठे वायर सुटली. डब्यावरचे हिरवे दिवे एकदम विझले.

"निघाली?" जमिनीवर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून आवाज आला.

"निघाली, काका."

"आता ती नव्या डब्याला लावा. सगळ्यात कडेची खाच, तिचा रंग वेगळा आहे. भलत्याच खाचेत घातलीत तर आपण दोघं एकमेकांच्या नावाने हाका मारत बसू. उंटावरून शेळ्या हाकतोय मी, शेळीने जरा सांभाळून घ्यावं."

फोनवरच्या माणसाला ऑफिसात सगळे कोळी म्हणत. दिवसभर जाळं सांभाळत बसणारा, म्हणून कोळी. ते स्वतःही त्याच नावाने फोन उचलत. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुख्य ऑफिस दूर, समुद्राकाठच्या शहरात होतं, आणि ती इथे भाड्याच्या दोन खोल्यांत बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करून पाठवत असे. कानात कोणाचं तरी यकृत, कोणाचा तरी गुडघा. काम तिला आवडायचं. त्यात कोणालाही तोंड दाखवावं लागत नसे.

आता नवा नियम निघाला होता. रुग्णांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून ऑफिसच्या सर्व्हरचं दार यापुढे फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच उघडणार होतं. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने इंटरनेट कंपनीकडून कायमचा, न बदलणारा आयपी पत्ता घ्यायचा आणि ऑफिसने पाठवलेला फायरवॉलचा, म्हणजे नको त्यांना बाहेरच अडवणारा, डबा बसवायचा. 'कायमचा पत्ता' हे शब्द वाचून तिने लॅपटॉप मिटून टाकला होता. काहीबाही कारणं काढून तिने हे काम पुढे ढकललं होतं. डबासुद्धा तिने घरी मागवला नव्हता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागवला होता आणि पिशवीत घालून, वर भाजी ठेवून आणला होता.

"किती वेळ बंद राहणार गं हे?" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात कोरडेच होते, तरी पदराला पुसत होती.

"लागेल थोडा वेळ. का? तुला काय बघायचंय?"

"मला कुठे काय बघायचंय."

"सकाळपासून विचारतेस."

आई आत गेली.

वायर लागली. नव्या डब्यावर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि तिने नकळत मान वळवली. असे दिवे तिला बघवत नसत. लग्नाच्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात असाच एक डबा होता. नवऱ्याचं कामच या डब्यांचं, त्यामुळे घरच्या डब्याला तो कोणाला हात लावू देत नसे. रात्री जेवताना, पोळीचा तुकडा मोडता मोडता, तो सहज विचारायचा, "आज दुपारी 'भाड्याने खोली' कोणासाठी शोधत होतीस?" आवाज कधी चढवला नाही त्याने. हातही उगारला नाही. ती पोलिसांत गेली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मारलं का?" तिला 'हो' म्हणता आलं नव्हतं, आणि बाकीचं सांगायला शब्द सापडले नव्हते.

आईला घेऊन ती घराबाहेर पडली. पहिल्या घरी त्याने त्यांना गाठलंच. ती बाजारातून आली तर तो जिन्यात बसून संत्रं सोलत होता. साल एका रुमालात नीट गोळा करत होता. "कुलूप बदललंस," तो म्हणाला होता. "चांगलं केलंस. जुनं फारच तकलादू होतं." मग अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं होतं.

त्यानंतर त्यांनी शहर बदललं, मग पुन्हा घर बदललं. दारावर पाटी लावली नाही.

"ताई, आहात ना?"

"आहे, काका. सांगा."

कोळ्यांनी तिला एकेक पायरी उतरवत नेलं. आधी डब्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायला लावला. "तो सगळ्या जगाला पाठ आहे." मग कंपनीने पाठवलेले पत्त्याचे आकडे. ती एकेक आकडा मोठ्याने वाचत टाइप करत गेली. शेवटच्या आकड्याशी तिचं बोट थबकलं.

"घातलात?"

तिने कळ दाबली. पिवळा दिवा थांबला, हिरवा झाला.

"झाला तुमचा पत्ता!" कोळी म्हणाले. "आता डावीकडे 'नोंदी' दिसेल. उघडा आणि गंमत बघा."

तिने उघडलं. पडद्यावर लाल ओळी सरसरत वर चढू लागल्या. एक संपायच्या आत दुसरी. प्रत्येकीपुढे तोच शब्द: अडवलं. अडवलं. अडवलं.

"काका, हे काय आहे? कोण आहेत हे?"

"कोणी नाही हो. भटकी कुत्री. रस्त्यावरच्या प्रत्येक दाराला हुंगून पुढे जातात. यंत्रंच असतात ती, आपलं नावगावही त्यांना ठाऊक नसतं. आधीही यायची, तुम्हाला दिसत नव्हती इतकंच."

"आणि एखादा माझंच दार शोधत आला तर?"

पलीकडे कोळ्यांच्या पंख्याची घरघर ऐकू आली.

"आत नाही येऊ शकणार," ते म्हणाले. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "भिंत पक्की आहे."

"पण या पत्त्यावरून घर सापडतं का?"

"घर नाही सापडत. शहर कळतं. फार तर कंपनी."

"आणि हा पत्ता कोणाला दिसणार कसा?"

"तुम्ही स्वतःहून त्याच्याकडे गेलात तर. म्हणजे असं बघा, काही फोनच्या ॲपांत कॉल थेट जोडला जातो. समोरचा जाणकार असला तर त्याला पत्ता दिसतो."

"म्हणजे बोलणारं माणूस कुठल्या गावात बसलंय, ते कळतं?"

हे तिने विचारलं नव्हतं. आई पुन्हा दारात आली होती.

"कळतं, मावशी," कोळी म्हणाले. "आधी तुम्ही शेकडो घरं मिळून एकाच पत्त्यामागे होतात, आणि तो पत्ताही कंपनीच्या भलत्याच गावातला. आता मात्र तुमच्याच शहराचा, तोही कायमचा."

आईने दाराची चौकट धरली. लेकीला वाटलं, उन्हाने चक्कर आली असेल. "बस गं खाली," ती म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली, कारण कोळी पुढचं सांगू लागले होते.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायचा, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप येऊन उभी राहतील. मग एकेकाची ओळख पटवून आत घ्यायचं.

लॅपटॉप आला. तिने त्याला नाव दिलं. तिचा फोन आला. आईचा फोन आला, त्याला तिने 'आई' लिहिलं. आणि मग आणखी एक उपकरण येऊन उभं राहिलं. नाव नाही. फक्त 'अनोळखी'.

"टीव्ही असेल," कोळी म्हणाले.

"आमच्याकडे टीव्ही नाही."

"मग शेजाऱ्यांचं कोणी?"

"पासवर्ड मी कोणालाच दिलेला नाही."

"जवळच आहे, ताई. सिग्नल जोरात दाखवतोय. घरातच असणार."

ती उठून उभी राहिली. "काका, मी तुम्हाला परत करते," एवढं म्हणून तिने फोन बंद केला.

मग तिने भिंतीवरचं घड्याळ काढून उलटं केलं. खुर्चीवर चढून कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला. हाताला धूळ लागली. बल्ब बघितला, प्लगांच्या फटींत डोकावली, पायपुसणं उचललं. घरमालकाने मधे नळ दुरुस्त करायला माणूस पाठवला होता. तो माणूस एकटा किती वेळ होता इथे? तिने पाण्याच्या टाकीखाली वाकून बघितलं. श्वास इतका मोठ्याने चालला होता की तिला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"आई, चप्पल घाल. आपण खाली जाऊ."

"थांब."

"आई, त्याने घरात काहीतरी ठेवलंय. तुला कळतंय का? त्याला घर माहीत आहे!"

"नाही माहीत," आई म्हणाली. "तो माझा आहे."

आईने शिवणाचा डबा उघडला. दोऱ्याची रिळं बाजूला केली, बटणांची पिशवी उचलली आणि तळातून एक छोटा, कोपरा तुटलेला फोन काढून पलंगावर ठेवला.

लेक त्या फोनकडे बघत राहिली.

"जिन्यातल्या त्या प्रकारानंतर त्याने माझ्या जुन्या नंबरवर फोन केला होता," आई म्हणाली. "तुझा नंबर दे म्हणाला. मी म्हटलं, ती कोणाशीच बोलत नाही, तुम्ही माझ्याशी बोलत जा. तेव्हापासून दर रविवारी करतो."

"तू त्याच्याशी बोलतेस?" लेक एक पाऊल मागे सरकली. "इतकी वर्षं? मी दाराला दोन दोन कड्या लावून झोपते आणि तू आतून... काय सांगतेस त्याला?"

"सगळं खोटं."

आई पलंगाच्या कडेवर बसली. तळहात एकमेकांवर घासत राहिली.

"तुझ्या ओळखपत्रावर मुख्य ऑफिसचं गाव छापलंय ना, समुद्राकाठचं? तेच सांगितलं. म्हटलं, लेकीला तिकडे नोकरी लागली, आम्ही तिकडेच असतो. त्याला पटलं. दर रविवारी थोडं थोडं सांगते. खिडकीच्या गजांना गंज चढलाय. मीठ ओलं होतं, डब्यातून पडतच नाही. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत."

"तू तर ते गाव पाहिलेलंही नाहीस."

"कोळी सांगतात की. तुमचं काम चालू असलं की निम्मा वेळ ते तिथल्या दमट हवेला शिव्या घालत असतात. मी आतून ऐकते."

लेक मघाची खुर्ची ओढून समोर बसली.

"मागच्या पावसाळ्यात तो जाऊन आला तिथे," आई म्हणाली. "आठवडाभर गल्ल्या पालथ्या घातल्या. मग मला म्हणाला, घर सापडलं नाही. मी म्हटलं, तुम्ही उलट्या अंगाला गेलात. मी बोलते आहे तोवर तो तिथेच शोधत राहतो, गं. बोलणं थांबलं की निघेल."

आई त्याला नेहमी 'जावईबापू' म्हणायची. इतक्या सगळ्या प्रकारानंतरही. लेकीला त्याचा संताप यायचा. आज आईच्या तोंडी सारखं 'तो' येत होतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," आई म्हणाली. "लहानपणापासून."

बाहेर जिन्यात कोणीतरी चढत गेलं. पावलं वरच्या मजल्यावर गेली, दार लागलं.

"तुझ्या फोनसारखी याला या घरात रेंज येत नाही, म्हणून वायफायवरून बोलते," आई पुढे म्हणाली. "इथे आल्यापासून त्याला संशय आलाय. म्हणतो, आई, तुमचा फोन भलत्याच गावाहून आल्याचं दिसतं. मी म्हटलं, मला अडाणीला त्यातलं काय कळतंय. आता हे आपलंच गाव दाखवणार. आणि आज रविवार आहे."

"नको उचलूस."

"आणि मग?"

लेक पडद्याकडे वळली. तिने डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा शांत जळत होता. पडद्यावर लाल ओळी चढतच होत्या, आणि त्यांच्याखाली ते एकटं 'अनोळखी' अजून परवानगीची वाट बघत थांबलं होतं.

तिने कोळ्यांना फोन लावला.

"सापडलं का भूत?" ते म्हणाले.

"आईचाच दुसरा फोन आहे, काका." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "एक विचारायचं होतं. त्या एका फोनचा पत्ता दुसऱ्या गावाचा दाखवता येईल? तुमच्या गावचा?"

कोळ्यांनी 'का' असं विचारलं नाही. पंखा घरघरत राहिला.

"बघणारा माणूस जाणकार आहे का, ताई?"

"हो."

"बरं. ऑफिसमधून वाट काढता येईल, पण त्या पत्त्याला ऑफिसचं नाव चिकटलेलं असतं. जाणकार असला तर नाव काढेल आणि ऑफिसच्या दारात येईल. ते नको."

"मग राहू दे, काका. मी—"

"माझ्या घरच्या कनेक्शनवरून नेतो, रविवार म्हणून आज घरीच आहे. त्याला कोणाचंच नाव नाही. तुमच्या डब्यातून माझ्या डब्यापर्यंत एक बोगदा काढायचा, आणि तो फोन तेवढा त्यातून सोडायचा. बाहेर पडेल तो माझ्या घरातून."

"तुमच्या घराला काही..."

"घर कळत नाही, शहर कळतं. मघाशी मीच नाही का सांगितलं?" ते म्हणाले. तेवढ्यात मागून एका बाईने काहीतरी विचारलं. कोळ्यांनी फोन जरा दूर धरला असावा, पण उत्तर स्पष्ट ऐकू आलं: "एक मावशी आपल्याकडे राहायला येतायत. पत्त्यापुरत्या."

त्यांनी सांगितलं तसं ती करत गेली. कोळ्यांनी पाठवलेली आकड्या-अक्षरांची लांबलचक किल्ली चिकटवली, एक खूण चुकली, पुन्हा केली. एकदा बोगदा उघडला आणि लगेच मिटला. कोळी तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या देत राहिले. आई समोर बसून दोघांचं बोलणं जिवाचा कान करून ऐकत होती आणि मधूनच त्या छोट्या फोनकडे बघत होती. शेवटी लेकीने 'अनोळखी' पुसून टाकलं आणि त्या जागी काय लिहावं ते न सुचून जागा तशीच मोकळी ठेवली. परवानगीची कळ दाबली.

"आता बघा कुठले दिसताय," कोळी म्हणाले.

तिने आईच्या त्या छोट्या फोनवर पाहिलं. समुद्राकाठचं गाव दिसत होतं.

कोळ्यांनी फोन ठेवला आणि थोड्याच वेळात पलंगावरचा फोन वाजू लागला.

आई ताठ बसली. पदर सारखा केला. लेकीला तिने शेजारी बसायची खूण केली, आणि कॉल स्पीकरवर घेतला.

"बोला, जावईबापू."

"कशा आहात, आई?"

तोच आवाज. हळू, मऊ, कसलीच घाई नसलेला. लेकीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"कशी असणार? गुडघे धरलेत. हवा ही अशी."

"हं." त्याच्या बाजूने कीबोर्डच्या कळांचा आवाज येत होता. टक, टक, टक. मग तो थांबला. काहीच ऐकू येईना, श्वासही नाही. आईने लेकीकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर, घड्याळ काढल्यामुळे उघड्या पडलेल्या खिळ्याकडे बघत राहिली.

"आज तुमच्या गावचाच पत्ता दिसतोय," तो म्हणाला.

"मग कुठला दिसणार?"

तो हसला. अगदी हलकेच. "मला वाटायला लागलं होतं, आई, तुम्ही मला फिरवताय. या आठवड्यात मी त्या दुसऱ्या गावाचं तिकीट काढणार होतो. मग तिथून एकेक शहर."

"तुम्हाला फिरवून मला काय मिळणार?"

"तेही खरंच." कळ पुन्हा एकदा वाजली. "मग असं करू. पुढच्या महिन्यात मी तिकडे येतो. घर नका सांगू, तिला आवडणार नाही. आपण दोघं बाजारात भेटू. तुम्ही जाता तो बाजार नेमका कुठे आहे? स्टेशनवरून कसं यायचं?"

आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. लेकीने तिचा हात धरला.

"आई?"

"अगं बाई, दूध उतू गेलं माझं!" आई ओरडली. "ठेवते हं, जावईबापू. पुढच्या रविवारी सांगते नीट."

फोन बंद झाला.

शेगडीवर काहीच नव्हतं. लेकीने पाणी आणून दिलं.

"आपण घर बदलू," लेक म्हणाली.

"घर बदलून काय होणार? तो या घरामागे नाहीच, तिकडच्या घरामागे आहे." आईने पेला खाली ठेवला. "त्यांना फोन लाव."

"कोणाला?"

"कोळ्यांना. बाजार विचार."

लेकीने नंबर लावला. तिने काय सांगितलं ते तिचं तिलाच नीट ऐकू येत नव्हतं. वाक्यं अर्धी राहत होती, पुन्हा सुरू होत होती. ती थांबल्यावर कोळ्यांनी घसा खाकरला.

"मावशींना द्या," ते म्हणाले.

तिने फोन आईच्या पुढ्यात धरला.

"ऐका हं, मावशी. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रिक्षा उभ्या असतात. तिकडे वळायचं नाही. पुलाखालून सरळ यायचं. तिथे पाणी साचलेलं असतं बारा महिने. मग मिठाच्या गोदामाची लांब भिंत लागते डाव्या हाताला, ती संपली की..."

आईने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते. पूल. पाणी. मिठाचं गोदाम. परीक्षेच्या आधी एखादी मुलगी करते तसं ती प्रत्येक शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघत होती. लेक तिच्याकडे बघत राहिली आणि मग हळूहळू, आपल्याही नकळत, तिचेही ओठ हलू लागले.

"थांबा," आई एकाएकी म्हणाली. "ती भिंत डाव्या हाताला म्हणालात. येताना की जाताना?"

कोळ्यांनी ती वाट पुटपुटत पुन्हा एकदा चालून पाहिली.

"येताना," ते म्हणाले. "घरी परतताना उजव्या."